सत्याच्या बाजूने कच्चा साक्षीदार



आपल्या घरातील मूल राज्य मंडळाच्या शाळेत इयत्ता दहावीत गेले की 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या विषयाच्या दुसऱ्या भागात त्याच्यासमोर येणाऱ्या पहिल्याच पाठाचे नाव 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असे असते. शिरूरच्या शाळेत हा पाठ आहे, दौंडच्या शाळेतही आहे. त्याच मुलाने मदरशात हजरत आदम (अ.) यांच्या निर्मितीची हकीकत लहानपणापासून ऐकलेली असते. मग एखाद्या दिवशी मगरिबच्या नमाजनंतर ते विचारते, "अब्बा, दोन्हींपैकी खरे काय?" काही घरांत या प्रश्नाला रागावून गप्प केले जाते. काही घरांत मोबाइलवर आलेली एखादी चित्रफीत दाखविली जाते. तीत पाच मिनिटांत डार्विनचा 'पराभव' झालेला असतो. मूल आनंदते, दुसऱ्या दिवशी तोच युक्तिवाद वर्गात मांडते आणि शिक्षक दोन वाक्यांत तो खोडून काढतात.

येथे काय घडले, याचा आपण शांतपणे विचार करावा. खोडला गेला तो चित्रफितीतील युक्तिवाद. मुलाच्या मनाला मात्र वाटते की इस्लाम खोडला गेला, कारण आपणच त्या युक्तिवादाला इस्लामचे नाव दिले होते. पुढे हेच मूल पुण्यास महाविद्यालयात जाते, जीवशास्त्र शिकते आणि एकेक युक्तिवाद गळून पडताना पाहते. त्याचे ईमान आपण ज्या खुंटीला टांगून ठेवले होते, ती खुंटीच कच्ची होती. दोष मुलाचा नव्हे.

या विषयात आपल्यासाठी सर्वांत मोठा धडा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रात आहे. हिजरी सन १० मध्ये प्रेषितांचे (स.) लहानगे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले. हजरत मारिया (रजि.) यांच्यापासून झालेले ते बालक अद्याप दूधपिते होते. त्याच दिवशी सूर्यास ग्रहण लागले. मदीनेतील लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हकीकत आलेली आहे. पित्याचे अंतःकरण दुःखाने भरलेले आहे आणि लोक कोणी न सांगता, स्वतःहून, आकाशातील एक घटना प्रेषितत्वाचा पुरावा म्हणून पुढे आणीत आहेत. केवळ मौन पाळले असते तरी तो 'पुरावा' अरबस्तानभर पसरला असता. प्रेषितांनी (स.) मौन पाळले नाही. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्यांपैकी दोन निशाण्या असून कोणाच्या मृत्यूने वा जन्माने त्यांस ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि लोकांना घेऊन ग्रहणाची नमाज अदा केली.

ग्रहण अल्लाहची निशाणी राहिलेच. त्याला चिकटविलेले खोटे कारण तेवढे दूर झाले. आपल्या बाजूचा असला तरी कच्चा पुरावा स्वीकारायचा नाही, ही प्रेषितांची (स.) सुन्नत आहे. दाढीच्या लांबीवर तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्या सभांमध्ये या सुन्नतीचा उल्लेख क्वचितच होतो.

इमाम गझाली (रह.) यांनी याच ग्रहणाचे उदाहरण पुढे नेले. इ.स. १०९५ च्या सुमारास लिहिलेल्या 'तहाफुतुल फलासिफा' या ग्रंथाच्या आरंभी ते बजावतात की चंद्र मध्ये आल्याने सूर्यग्रहण लागते हे गणिताने सिद्ध झालेले आहे; धर्माच्या रक्षणासाठी ते नाकारणे हे कर्तव्य आहे असे जो समजतो, तो धर्माचीच हानी करतो. ज्याने गणित तपासले आहे तो गणितावर शंका घेणार नाही, धर्मावर घेईल. अशा मित्राकडून होणारी हानी उघड शत्रूच्या हल्ल्यापेक्षा अधिक, असा इमामसाहेबांचा आशय आहे. हे लिहिणारा ग्रंथकार तत्त्वज्ञांचा भक्त नव्हता. हा ग्रंथच मुळी त्यांच्या खंडनासाठी लिहिलेला आहे.

आता आपल्या भ्रमणध्वनीवर फिरणारे युक्तिवाद या कसोटीवर पाहू.

सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद म्हणजे 'माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले?' हा. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी नेमके हेच म्हटले. वानराचा मानव झाल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी सांगितले नाही वा लिहून ठेवले नाही, म्हणून डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आणि शालेय अभ्यासक्रमात बदल हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून ते फेटाळले आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही त्यांना अशी विधाने टाळण्यास सांगितले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आपली तरुण मुले इस्लामचा म्हणून जो युक्तिवाद अभिमानाने पुढे पाठवितात, तोच युक्तिवाद वैदिक मंचावरून वैदिक धर्माचा म्हणून मांडला जातो; म्हणजे तो ना इकडचा, ना तिकडचा. आणि दुसरे, हे विधान करणारे गृहस्थ पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. खून होताना कोणी पाहिला नाही म्हणून खून झालाच नाही, असे त्यांनी त्या खुर्चीत बसून एकदाही मान्य केले नसते. रक्ताचा डाग, बोटाचा ठसा, दाराची मोडलेली कडी यांवरून तपास होतो.

आपल्याला तर हे कुरआननेच शिकविलेले आहे. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अ.) यांच्यावर आळ आला तेव्हा प्रत्यक्षदर्शी कोणी नव्हता. निर्णय कशावर झाला? सदरा पुढून फाटला की मागून, यावर (१२:२६-२८). मागून फाटलेल्या सदऱ्याने एका प्रेषिताचे निरपराधित्व सिद्ध केले. जी उम्मत ही सूरह वाचते, तिने 'कोणी पाहिले?' एवढ्यावर विषय संपवू नये. जमिनीतील अवशेष हे सृष्टीचे फाटलेले सदरे आहेत, ते कोणत्या बाजूने फाटले ते पाहावे लागते.

'ही तर नुसती थिअरी आहे' हा दुसरा आक्षेप भाषेच्या गोंधळातून आलेला आहे. बोलीत थिअरी म्हणजे अंदाज. विज्ञानात मात्र पुष्कळ पुराव्यांची संगती लावणारी, तपासून टिकलेली उपपत्ती. रोग जंतूंमुळे होतात ही उपपत्तीच आहे, आणि तीवर विश्वास ठेवून आपण मुलांना लस टोचतो. 'मग आजही माकडे का आहेत?' या प्रश्नाचे उत्तर तर कोणत्याही खानदानात मिळते. आपले चुलतभाऊ आहेत म्हणून आपण चुलतभावापासून जन्मलो असे होत नाही. दोघांचा आजा एक. आजची माकडे मानवाची पूर्वज आहेत असे जीवशास्त्र म्हणतच नाही. जे प्रतिपक्ष म्हणत नाही ते त्याच्या तोंडी घालून खोडणे यास आपल्या न्यायशास्त्रात काय म्हणतात, ते उलेमांना विचारावे.

यापेक्षा गंभीर आक्षेप फसवणुकीचा आहे. इंग्लंडमध्ये १९१२ साली 'पिल्टडाउन मानव' म्हणून एक कवटी जाहीर झाली. पुढे ती मानवी कवटी आणि ओरांगउटानचा जबडा जोडून केलेली बनवाबनवी ठरली. चित्रफिती हे मोठ्या आवेशाने सांगतात आणि ते खरेही आहे. मात्र ही लबाडी १९५३ साली उघड केली ती शास्त्रज्ञांनीच, हाडांतील रसायने तपासून. या बाबतीत आपला इतिहास आपल्याला समज देण्यास पुरेसा आहे. प्रेषितांच्या (स.) नावावर हजारो खोट्या हदीस रचल्या गेल्या. मुहद्दिसीनांनी एकेक निवेदक तपासून त्या वेगळ्या काढल्या; इमाम इब्नुल जौझी (रह.) यांनी तर बनावट हदीसांचा 'किताबुल मौजूआत' हा स्वतंत्र ग्रंथच केला. बनावट हदीस सापडल्या म्हणून हदीसशास्त्र खोटे, असे कोणी म्हटले तर आपण काय उत्तर देऊ? खोटे पकडण्याची व्यवस्था जिवंत आहे याचा तो पुरावा आहे, असेच सांगू. तोच न्याय दुसऱ्याच्या विद्येलाही लावावा. मापात कमी-जास्त करणाऱ्यांविषयी कुरआनात एक संपूर्ण सूरह आहे. मापे काही धान्याचीच नसतात.

'इतकी सुव्यवस्थित सृष्टी योगायोगाने कशी होईल?' हा प्रश्न मात्र सरळ मनाने विचारला जातो आणि त्याचे उत्तरही सरळ द्यावे. डार्विनच्या उपपत्तीत एक भाग योगायोगाचा आहे, पण तो एकच भाग. भीमेच्या काठी वाळू चाळताना पाहिलेल्या कोणालाही दुसरा भाग समजेल. चाळणीवर फावड्याने टाकलेली वाळू कशीही पडते. चाळणीतून खाली काय जाते ते मात्र जाळीच्या छिद्रांनुसार ठरते. सजीवांत पिढीगणिक जे लहान-मोठे भेद उद्भवतात ते सृष्टीच्या चाळणीवर पडतात. परिस्थितीत जो टिकतो त्याची संतती वाढते.

हे पाहण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. विदर्भ-मराठवाड्यात नातेवाईक असतील त्यांना शेंदरी बोंडअळीविषयी विचारा. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तिच्यातील विषद्रव्याने बोंडअळी मरत असे. पुढे दोन जनुकांचे वाण आले. तरीही २०१७ च्या हंगामात शेंदरी बोंडअळीने विदर्भातील कपाशीची दाणादाण उडविली. असंख्य अळ्यांपैकी ज्या थोड्या विषाला पुरून उरल्या, त्यांचीच प्रजा वाढत गेली. बीटी कपाशीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावा असे कृषी विभाग सांगत होता, ते याच नियमाच्या आधारे. अनेकांनी त्या लावल्या नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने नैसर्गिक निवड हा वादविवादाचा विषय नसून हंगामाच्या हिशेबाचा विषय आहे. (उलट, शिरूरच्या उसात बिबट्या राहू लागला, ही उत्क्रांती नव्हे. तो जंगलातील तोच प्राणी आहे, दाट आडोसा मिळाल्याने उसात आला. प्रत्येक बदलाला उत्क्रांती म्हणणारे लोकही असतात. त्यांच्याही भरीस पडू नये.)

यावर एक रास्त प्रतिप्रश्न येतो: अळी शेवटी अळीच राहिली ना? होय, राहिली. एका अळीवरून समस्त जीवसृष्टीचा इतिहास सिद्ध होत नाही, त्यासाठी निराळे पुरावे लागतात आणि ते निराळे तपासावे लागतात. इजिप्तच्या फैयूम प्रांतात वादी अल-हीतान, म्हणजे 'देवमाशांचे खोरे', नावाचे वाळवंट आहे. २००५ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तेथे वाळूत देवमाशांचे प्राचीन सांगाडे पडलेले आहेत आणि त्यांना लहानसे मागचे पाय आहेत. आजच्या देवमाशाला बाहेर पाय नाहीत. 'मधल्या अवस्थेचा एकही अवशेष नाही' असे चित्रफितीत सांगितले जाते तेव्हा एका मुस्लिम देशाच्या भूमीवर पडलेल्या या हाडांचे काय करायचे? ती नाहीत असे म्हणणे शक्य नाही, आणि मुसलमानाला ते शोभणारही नाही.

आता काळाच्या प्रश्नाकडे वळू. या वादात आपल्या मातीला बोलण्यासारखे बरेच आहे.

पृथ्वी केवळ सहा-दहा हजार वर्षांची आहे, असे काही चित्रफिती कुरआनच्या नावाने सांगतात. वाचकहो, कुरआनात पृथ्वीचे वय कोठेही दिलेले नाही. सहा 'दिवसांत' निर्मितीचा उल्लेख आहे. परंतु अल्लाहकडील एक दिवस आपल्या गणनेच्या हजार वर्षांसारखा असल्याचे एके ठिकाणी (२२:४७) आणि पन्नास हजार वर्षांच्या दिवसाचे अन्यत्र (७०:४) सांगितलेले आहे. मग सहा हजार वर्षे आली कोठून? आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधील वंशावळींची बेरीज करून निर्मितीचे वर्ष इ.स.पूर्व ४००४ ठरविले. १९६१ साली अमेरिकेत 'द जेनेसिस फ्लड' या पुस्तकाने हा विचार नव्याने उभा केला, तेथून एक चळवळ निघाली, आणि १९८० च्या दशकात तिचे साहित्य तुर्कस्तानमार्गे मुस्लिम जगात शिरले. म्हणजे आपण मुलांना जे इस्लामी म्हणून देतो, त्यातील पुष्कळसे अमेरिकन चर्चच्या एका पंथाचे उसने सामान आहे. उसने घेण्यास हरकत नव्हती; घेताना पारखले नाही, ही हरकत आहे.

तुर्कस्तानातच 'हारून यह्या' या टोपणनावाने 'सृष्टीचा अॅटलास' हा भव्य सचित्र ग्रंथ २००६ साली निघाला. लक्षावधी वर्षांपूर्वीचा जीवाश्म आणि आजचा प्राणी शेजारी ठेवून 'पाहा, काहीच बदल नाही' असे सांगणे ही त्याची पद्धत. त्यातील 'आजच्या' कीटकांच्या काही चित्रांत खरे कीटक नव्हतेच. ती मासे पकडण्यासाठी कारागिराने केलेली खोटी आमिषे होती आणि त्यांचा धातूचा गळ चित्रात स्पष्ट दिसत होता. त्या लेखकाला पुढे तुर्की न्यायालयाने गंभीर गुन्ह्यांबद्दल प्रदीर्घ कारावास ठोठावला. पण माणूस वाईट म्हणून युक्तिवाद वाईट असे आम्ही म्हणणार नाही. युक्तिवाद त्या गळानेच संपविला होता. बातमी आणणाऱ्याच्या बातमीची शहानिशा करा, ही सूरह अल-हुजुरातमधील आज्ञा (४९:६) सुंदर छपाईच्या पुस्तकालाही लागू आहे.

आणि आपल्याकडे कोणाकडून उसने घेण्याची गरजही नव्हती. अबू रैहान अल-बिरूनी इ.स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानविषयीच्या आपल्या ग्रंथात लिहून गेले आहेत की या भूमीत खोल खणले असता गोल गुळगुळीत दगड लागतात. डोंगराजवळ, जेथे नद्यांना जोर आहे तेथे ते मोठे असतात, दूर गेल्यावर लहान, आणि समुद्राकडे तर त्यांची वाळू झालेली असते. यावरून त्यांनी अनुमान काढले की ही मैदाने एके काळी समुद्र असून नद्यांच्या गाळाने हळूहळू भरून आली. इब्ने सिना यांनीही डोंगरांची झीज आणि गाळाचे थर यांविषयी असेच विवेचन केले आहे. त्यांना त्या दीर्घ काळाची भीती वाटली नाही.

अल-बिरूनींची नजर घेऊन आपल्या नद्यांकडे पाहा. सह्याद्रीवरून येणारी कुकडी घोडेला मिळते, घोड शिरूरवरून पुढे भीमेकडे जाते, भीमा दौंडच्या कुशीतून वाहते. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडे पारनेर तालुक्यातील निघोज यांच्यामध्ये कुकडीच्या पात्रात प्रसिद्ध रांजणखळगे आहेत. आपल्यापैकी अनेकांनी ते सहलीत पाहिले असतील. काळ्याकभिन्न खडकात रांजणासारखे गोल, गुळगुळीत खड्डे कोरलेले आहेत. ते कोणत्याही हत्याराने कोरलेले नाहीत. भोवऱ्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षे गरगरत राहिले आणि त्यांनी खडक घासला. या खडकावर पहार मारून पाहा, म्हणजे पाण्याला आणि गोट्याला किती पावसाळे लागले असतील याची कल्पना येईल. आणि तो खडक तरी कोठून आला? ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयावरून त्या लाव्ह्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे निघते.

'कार्बन डेटिंग इतके जुने सांगू शकत नाही' असे चित्रफिती सांगतात. अगदी खरे, आणि म्हणूनच खडकासाठी ते कोणी वापरीत नाही. कार्बन-१४ हे दर सुमारे ५७३० वर्षांनी निम्मे उरते. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्यास काही राहत नाही. खडकासाठी पोटॅशियम-आरगॉनसारख्या निराळ्या पद्धती आहेत. सोन्याच्या काट्यावर उसाची गाडी मोजता येत नाही म्हणून उसाला वजन नाही, असा हा युक्तिवाद झाला.

कार्बनचा काटा जेथे चालतो ते ठिकाणही आपल्याच तालुक्यात आहे. घोडनदीकाठी इनामगाव येथे १९६८ पासून सुमारे दीड दशक पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्या कामातील प्रमुख नावे. यातील अन्सारीसाहेबांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असावे, ही आमची इच्छा आहे. तेथे इ.स.पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती सापडली. ते बार्ली पिकवीत, पाणी वळविण्यासाठी त्यांनी कालवा आणि बांध केला होता. दगावलेल्या लहान मुलांना ते दोन मडक्यांची तोंडे एकमेकांस जोडून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. आईला मूल घराबाहेर पाठविणे जड गेले असेल काय, असे वाचताना मनात येते. पण हे आमचे मन बोलते आहे, मडके बोलत नाही. पुराव्याने काय सांगितले आणि आपण काय जोडले हे वेगळे ठेवण्याची सवय उत्खननात लागते. शेवटच्या काळात ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. हवामान कोरडे झाल्याने असे झाले, असे उत्खनकांचे मत होते, त्यावर पुढे संशोधकांत मतभेद झाले. झोपड्या गोल होत्या याविषयी मात्र मतभेद नाही. विज्ञानातील वाद ऐकून 'त्यांचेच एकमत नाही' म्हणणाऱ्यांनी वाद नेमका कशाविषयी आहे, ते आधी पाहावे.

एवढे सारे वाचून कोणी म्हणेल, मग नास्तिक म्हणतात तेच खरे काय? मुळीच नाही. उत्क्रांती झाली, म्हणून निर्माता नाही, हे वाक्य कोणत्याही प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नाही. तेही प्रमाणाबाहेर घेतलेली उडीच आहे. शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. ढग सह्याद्रीवर अडतात, तिकडे कोसळतात आणि आपल्याकडे कोरडे वारे येतात, हे शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. पाऊस अल्लाह पाठवितो, हे कुरआनात वारंवार आले आहे. या दोहोंत आपल्याला कधी विरोध वाटला काय? दुष्काळात आपण हवामान खात्याचा अंदाजही ऐकतो आणि मैदानात जाऊन नमाजे इस्तिस्काही अदा करतो. आईच्या उदरातील गर्भाच्या अवस्था सूरह अल-मोमिनूनमध्ये (२३:१२-१४) वर्णिलेल्या आहेत आणि गर्भाच्या वाढीच्या अवस्था सोनोग्राफीतही दिसतात. त्या पाहून कोणी आई 'मग अल्लाहने काय केले?' असे विचारीत नाही. क्रिया कशी घडते याचे वर्णन, ती घडविणाऱ्याचा नकार नव्हे.

विवेकवादी यावर विचारतात की ढगांचे कारण ढगांतच सापडते, तर अल्लाहचे नाव जोडण्याची गरज काय? प्रश्न खरा आहे, घोषणेने त्याचे उत्तर होत नाही. श्रद्धावंत अल्लाहला वारा आणि बाष्प यांच्या रांगेतील तिसरे कारण मानीत नाही. ज्याच्यामुळे वारा, बाष्प आणि त्यांचे नियम आहेत, तो म्हणून मानतो. विज्ञानाला जे अद्याप कळले नाही तेवढ्यापुरता अल्लाह मानणाऱ्याचा अल्लाह प्रत्येक शोधासरशी लहान होत जाईल. आपला रब अज्ञानाच्या फटीत राहणारा नाही. हे उत्तर प्रत्येक विवेकवाद्याला पटेल असे नाही, आणि पटविण्याची सक्ती आपल्यावर नाही. उत्तम रीतीने संवाद करण्याची आज्ञा (१६:१२५) मात्र आहे. याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून मारले गेले. ज्या समाजात प्रश्न विचारणाऱ्याला गोळीने उत्तर मिळते, तेथे धर्म बळकट झाला असे आम्हास वाटत नाही.

राहिला सर्वांत कठीण प्रश्न, हजरत आदम (अ.) यांचा. येथे आम्ही काही झाकून ठेवणार नाही. मानवाविषयीही जीवशास्त्राकडे ठोस पुरावे आहेत. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व आपल्या शरीरात तयार करतात. मानव आणि वानर ते करू शकत नाहीत, कारण त्यासाठी लागणारे जनुक दोघांतही निकामी आहे आणि त्याची मोडतोडही मोठ्या प्रमाणात सारखीच आहे. शास्त्रज्ञ यावरून समान पूर्वजाचे अनुमान काढतात, आणि ते अनुमान हास्यास्पद नाही. दुसरीकडे, हजरत ईसा (अ.) यांचे उदाहरण आदमसारखे आहे, हे सूरह आले इमरानमध्ये (३:५९) सांगितलेले आहे आणि आदम (अ.) यांची निर्मिती माता-पित्यांवाचून झाली, ही उलेमांची सर्वसाधारण भूमिका आहे. अलीकडे डेव्हिड सॉलोमन जलाजेल (२००९) आणि शोएब अहमद मलिक (२०२१) या अभ्यासकांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले आहेत. आदम (अ.) यांच्या विशेष निर्मितीवर ईमान ठेवूनही इतर जीवसृष्टीच्या उत्क्रांतीविषयी, तसेच आदमपूर्वी मानवसदृश जीव होते की नव्हते याविषयी, वहीने आपल्याला बांधलेले नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. सर्वच उलेमांना तो मान्य नाही.

आमचे ईमान वहीने सांगितलेल्या आदम (अ.) यांच्यावर आहे. पण ते वहीच्या साक्षीवर आहे. प्रयोगशाळेने ते सिद्ध केले असा दावा आम्ही करणार नाही. हजरत ईसा (अ.) पित्यावाचून जन्मले, यावर आपण ईमान ठेवतो, म्हणून प्रसूतिशास्त्राचे पुस्तक खोटे ठरवितो काय? चमत्कार म्हणजे नियमाला अल्लाहने केलेला अपवाद. नियम नसेल तर अपवादाला चमत्कार म्हणण्यातही अर्थ उरत नाही. मुलाला हे असेच सांगावे: हे आपण वहीच्या आधारे मानतो, हे हाडे आणि जनुके पाहून शास्त्रज्ञ म्हणतात, आणि या दोहोंची पूर्ण सांगड आपल्याला आज घालता येत नाही. 'वल्लाहु आलम' म्हणण्यास आपले मोठमोठे इमाम कधी लाजले नाहीत.

परीक्षेविषयी पालक विचारतात, म्हणून दोन शब्द. उत्क्रांतीवरील प्रश्नाचे उत्तर पाठात आहे तसे लिहिण्याने, आमच्या समजुतीप्रमाणे, ईमानाला बाधा येत नाही. एखादी विद्या काय सांगते ते नीट मांडणे, ही साक्ष नव्हे, अभ्यास आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी जाहीर पत्राने निषेध केला. आपल्या काही मंडळींनी त्या वेळी समाधान व्यक्त केले असेल. पण पुस्तकातून धडा काढल्याने मुलाच्या मनातील प्रश्न निघत नाही. त्याचे उत्तर देणारा शिक्षक तेवढा निघून जातो. राज्य मंडळाच्या पुस्तकात हा धडा आहे. आपल्यापैकी जे स्वतः विज्ञानाचे शिक्षक आहेत, त्यांनी तो 'घरी वाचा' असे म्हणून वर्गात टाळू नये. दिवाळीच्या सुटीपूर्वी एक सहल टाकळी हाजीच्या रांजणखळग्यांवर न्यावी, जमल्यास एक पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात, जेथे इनामगावच्या वस्तू ठेवलेल्या आहेत. आणि मुलांना उत्तर सांगण्याआधी त्यांनी काय पाहिले ते वहीत लिहून घ्यावे.